गवत मुळापर्यंत आमचं

"माती येते! अरे मेल्यांनो, पाण्यासंगती माती येते!"

सकाळचे आठ वाजले होते आणि माझी काकी धरणाच्या उतारावर मधोमध उभी राहून ओरडत होती. काकीचा आवाज ही आमच्या भागातली नैसर्गिक संपत्ती आहे. तो वाणगाव स्टेशनपर्यंत पोचतो हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. सरावलीत खोल्या घेऊन राहणारे कंपनीचे कामगार एकदा तो आवाज भोंगा समजून पाळी संपवून घरी गेले होते. कुणाला खोटं वाटत असेल तर त्याने त्या दिवशीचा हजेरीपट तपासावा. मी तपासलेला नाही.

गावातलं कोणी उठलं नाही. काकी ओरडते ती गवतावरून, आणि गवतावरून ती वर्षातून निदान चाळीस वेळा ओरडते. मी ओट्यावर बसून चहा पीत होतो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हातारीने दगड बघितला वाटतं. मी चहा संपवला. मग अजून अर्धा कप घेतला.

हे गवताचं आणि दगडाचं प्रकरण आधी सांगायला हवं.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मातीचं धरण आहे. दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा भराव टाकून ते केलं, तेव्हा माझा बाप चड्डीत होता. माती गाढवांवरून आणली. काम संपल्यावर त्यातली काही गाढवं परत गेली नाहीत आणि पुढे ग्रामपंचायतीवर निवडून आली, असं बाप सांगायचा. बाप निवडणूक हरलेला होता, हेही सांगून ठेवतो. धरणाच्या पाण्यावर गावातल्या मिरच्यांचे प्लॉट आणि चिकूच्या वाड्या चालतात. जास्तीचं पाणी सांडव्यावरून ओढ्यात जातं, ओढा काकीच्या घराच्या अंगणाला लागून पुढे जातो आणि हळूहळू पश्चिमेला खाडीत मिळतो. एका पावसाळ्यात ओढ्याने बापाचा जेवायचा पाट नेला. तिसऱ्या दिवशी खाडीकाठच्या दांडी गावची मासेवाली टोपलीखाली तोच पाट घेऊन दारात आली. पाटाच्या मागे बापाने नाव कोरलं होतं. "दादा, तुमचा पाट आमच्या खाडीत आलता," ती म्हणाली, "आता बोंबील तरी घ्या." बापाने घेतले.

तर, धरणाच्या गावाकडच्या उतारावर गवत उगवतं. आमच्याकडे गवताला किंमत आहे. पावसाळा संपला की कापून, वाळवून, पेंढ्या बांधून ठेवायचं. म्हणून वाडवडलांनी त्या उताराचे चाळीस पट्टे पाडले, चाळीस घरांचे चाळीस. दोन पट्ट्यांच्या मध्ये चुना लावलेला दगड. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सगळं गाव बांधावर जमतं, बांबूने पट्टे मोजतं, सरपंच गवताच्या वहीत नावं उतरवून घेतात, प्रत्येक घर सही करतं आणि मग भांडायला सुरुवात होते. लग्नाची नोंद राहिलेली घरं आमच्या गावात आहेत. गवताच्या वहीत सही राहिलेलं घर नाही.

या चाळिसात मधला पट्टा काकीचा. आणि मधला पट्टा म्हणजे काय चीज होती ते ऐका. वैशाखात सगळा उतार वाळून पापडासारखा व्हायचा, तेव्हा मधला पट्टा हिरवागार. नुसता हिरवा नाही, इतका हिरवा की त्यात उतरलेला पोपट दोन दिवस सापडला नव्हता. ते गवत खाऊन काकीची म्हैस असं दूध द्यायची की गाळणं फाटायचं. त्या पट्ट्यासाठी माझा बाप आणि काका, सख्खे भाऊ, अकरा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा पट्टा काकाला गेला. काकाने चिठ्ठी ओली करून ठेवली होती, हे बापाने मरेपर्यंत सांगितलं. पुढे काका गेला, बाप गेला. भांडण मात्र चांगल्या अवस्थेत आमच्या वाट्याला आलं.

तो एकच पट्टा भर उन्हाळ्यात हिरवा का, हा विषय आमच्या गावाने दोन पिढ्या चघळला. काकी म्हणायची, "माझ्या हाताला गुण हाय." बाप म्हणायचा, काका चोरून खत टाकतो. सरपंचांच्या वडिलांचं मत होतं की तिथे पूर्वी गाढवं बांधायचे. धरणाच्या एका बाजूला एवढं पाणी तुंबलेलं आहे आणि दुसऱ्या बाजूला ऐन वैशाखात गवत हिरवं आहे, या दोन गोष्टी एकमेकांच्या शेजारी ठेवून बघायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. आम्हाला गवत दिसत होतं. पाणी आम्ही दुसऱ्या बाजूला जाऊन बघायचो.

माझा पट्टा काकीच्या शेजारी. माझं पाप असं, की गेली सहा वर्षं मोजणीच्या आदल्या दिवशी मी मधला दगड काकीच्या बाजूला वीतभर सरकवत आलो होतो. दर वर्षी फक्त वीतभर. माणसाने हावरट असू नये.

आता कळेल की काकी ओरडायला लागल्यावर मी चहा का लांबवला.

दुसरा कप संपला तरी आवाज थांबेना, तेव्हा मी गेलो. काकी दगडाकडे बघतही नव्हती. तिच्या एका हातात विळा होता, दुसऱ्या हातात स्टीलचा पेला. तिने पेला माझ्या तोंडासमोर धरला. आत चहाच्या रंगाचं पाणी होतं.

"पी," ती म्हणाली.

"काकी, हे गढूळ हाय."

"तेच तर बोंबलते मगाधरनं! तीस वर्सं हितं पाणी पाझरते. निवळशंख. मी त्यात तोंड धुते. आज पयल्यांदा माती घेऊन आलं."

"तीस वर्षं पाझरतंय? मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुज्या बापाने पट्टा मागितला नसता?"

मी खाली वाकलो. गवत बाजूला सारून बघितलं तर बांधाच्या पायथ्याला मनगट जाईल एवढं भोक पडलेलं. त्यातून पाणी येत होतं आणि भोकाच्या तोंडाशी बारीक मातीचा ढीग साचत होता, खेकड्याच्या बिळासमोर असतो तसा. दसरा नुकताच झालेला, धरण सांडव्यापर्यंत भरलेलं. ढीग जिथून येत होता ती माती धरणाच्या पोटातली होती. एवढं कळायला इंजिनीयर लागत नाही. भोकापासून पन्नास पावलांवर काकीचं घर. घराला लागून गोठा. गोठ्यात म्हैस, दिवस भरलेली, आज-उद्या विणार अशी.

"काकी, तू घर सोड. माझ्याकडे चल."

"मी येते. म्हशीला तू उचलून नेतोस?"

म्हैस उठायला तयार नव्हती. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. बोलणं तिथेच संपलं.

मग गाव जमलं. सरपंचांनी पाहणी केली आणि घरून आपली जुनी गादी आणवली. गादी गुंडाळून भोकात कोंबली, वर चौघे बसले. पाणी थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत हातभर अंतरावर दुसरीकडून पाणी आलं, आणि ते पहिल्यापेक्षा जास्त गढूळ. सरपंच म्हणाले, "ह्याला आता खातंच आणायला पायजे." मोटारसायकल माझी होती, म्हणून मी निघालो.

पालघरला जिल्ह्याच्या नव्या इमारती झाल्या आहेत. इतक्या मोठ्या आहेत की आत शिरलेला माणूस बाहेर येईपर्यंत त्याची दाढी वाढते. त्यात पाण्याची दोन खाती समोरासमोर बसतात, मध्ये फक्त जाण्यायेण्याची वाट. मी मोठ्या खात्यात गेलो. तिथल्या साहेबांनी नकाशा उघडला, बोटाने धरण शोधलं आणि म्हणाले, "हे आमच्यासाठी लहान पडतं. समोर जा." मी समोर गेलो. समोरच्या साहेबांनी तोच नकाशा उघडला, तेच बोट तिथेच ठेवलं आणि म्हणाले, "हे आमच्या मापापेक्षा मोठं आहे. तिकडे जा." मी दोन वेळा इकडून तिकडे गेलो. तिसऱ्या वेळी शिपायाने मला हात केला, ओळखीचा समजून.

"पण साहेब, कागदावर कुणाचं आहे?"

"जिल्हा वेगळा झाला तेव्हा धरण इकडे आलं. त्याचा कागद जुन्या जिल्ह्यातच राहिला."

"मग आता फुटलं तर इकडे फुटेल की तिकडे?"

साहेबांनी त्यावर विचार केला. खरंच केला. ते म्हणाले, "लेखी विचारावं लागेल."

आता मी जे केलं ते चांगल्या माणसाने करू नये. मी पुन्हा मोठ्या खात्यात गेलो आणि सांगितलं, "समोरच्यांनी धरण आपलं म्हणून मान्य केलंय. उद्या आपल्या नावाचा बोर्ड लावतायत." मग समोर जाऊन सांगितलं, "मोठ्या खात्याने बोर्ड रंगवायला टाकलाय." धरण फुटतंय हे ऐकून दोन्हीकडे कुणाची खुर्ची हलली नव्हती. बोर्ड म्हटल्याबरोबर दोन्हीकडच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज मी मधल्या वाटेत उभा राहून ऐकला. पंधरा मिनिटांत लहान खात्याची जीप निघाली. मोटारसायकल तिथेच ठेवून मीही तिच्यात बसलो. आत एक तरुण इंजिनीयर मॅडम होत्या. नोकरीला लागून वर्षही झालं नसावं, कारण बोईसर येईपर्यंत त्यांनी मला तीन वेळा विचारलं की भोक नेमकं केवढं आहे. अनुभवी माणूस बोर्ड केवढा आहे ते विचारतो.

बांधावर आल्यावर मॅडम सरळ भोकापाशी उकिडव्या बसल्या. पाण्याची बाटली भरली, हातात धरून ठेवली. थोड्या वेळाने बाटलीच्या तळाला बोटभर माती बसली. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं.

"ही गादी कुणी कोंबली?"

सरपंचांनी मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं.

"काढा. पाणी अडवायचं नाही, माती अडवायची. रेती लागेल, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठे दगड. पाणी येऊ दे, फक्त स्वच्छ यायला हवं. आणि धरणाची झडप उघडून पाणी उतरवायला हवं. आत्ताच. दाब कमी झाल्याशिवाय काही खरं नाही."

झडप उघडायचा लोखंडी दांडा सरपंचांच्या वाडीत फाटकाचा अडसर म्हणून वीस वर्षं काम करत होता. तो आणवला. दांडा आला, माणसं आली, सगळे झडपेपाशी उभे राहिले. मॅडमनी वही काढली.

"मालक कोण?"

"कशाचे?"

"धरणाचे. माझ्याकडे दोन धरणं आहेत, हे त्यात नाही. मी परस्पर झडप उघडली तर उद्या पाणी वापरणारे माझ्यावर तक्रार करतील. मालकाने लेखी संमती द्यावी, मी सल्ला देते. म्हणजे तो सल्ला होतो."

झडप उघडली तर मिरच्यांचं पाणी जाणार हे चाळीस घरांना एकाच क्षणी समजलं. सगळी घरं आपापल्या चपलांकडे बघायला लागली.

तेवढ्यात सरपंचांना वाटलं की भोक आपल्या पट्ट्यात नाही हे सिद्ध केलेलं बरं. त्यांनी गवताची वही मागवली आणि मॅडमना दाखवली. "बघा मॅडम, माझा पट्टा दुसरा. पार तिकडे."

मॅडमनी वही घेतली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. धरणाची लांबी बांबूने मोजलेली, चाळीस नावं, चाळीस सह्या, वर्षानुवर्षं. मला वाटतं, सरकारी नोकरीत इतका नीट ठेवलेला कागद त्यांनी पहिल्यांदाच बघितला असेल.

"म्हणजे हा बांध तुमच्या मालकीचा आहे," मॅडम म्हणाल्या. "इथे तसं लिहिलंय. तुमच्या सगळ्यांच्या सह्या आहेत."

वहीभोवती जमलेलं सगळं गाव एक पाऊल मागे सरकलं. दोन पिढ्या इंचाइंचासाठी भांडलेली चाळीस घरं. एकाने दुसऱ्याच्या पट्ट्यातलं मूठभर गवत कापलं म्हणून सोयरीक मोडलेली माझ्या आठवणीत आहे.

पहिले सरपंच बोलले. "मॅडम, गवत आमचं हाय. माती आमची नाय."

"गवत कुठपर्यंत तुमचं?"

सरपंचांनी गावाकडे बघितलं. गावातून कोणीतरी मागून म्हणालं, "मुळापर्यंत."

"हां," सरपंच म्हणाले. "मुळापर्यंत आमचं. मुळाखालचं सरकारचं."

सगळ्यांनी माना हलवल्या. गावात एकमत झालेलं मी बघितलं ते असं, एकदाच.

मॅडमनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. मग भोकाकडे. माती अजून येत होती. "निदान भोक ज्याच्या पट्ट्यात आहे त्याने सही द्या. ते कुणाचं?"

बांबू आणला. मोजलं. पुन्हा मोजलं. चुन्याच्या दगडापासून भोक दीड हात अलीकडे होतं, म्हणजे वहीप्रमाणे, दगडाप्रमाणे आणि गावासमोर ते माझ्या पट्ट्यात होतं. सहा वर्षं वीत वीत करून मी जे मिळवलं होतं त्याच्या बरोबर मधोमध.

चाळीस घरांनी माझ्याकडे बघितलं. मॅडमनी पेन पुढे केलं.

मी कधीही कुठलीही चूक कबूल केलेली नाही. बायको साक्षीला आहे. पण त्या वेळी मी स्पष्ट, मोठ्याने आणि सगळ्यांसमोर बोललो. "मॅडम, हा दगड खरा नाही. मी सरकवलाय. सहा वर्षं सरकवतोय. भोक काकीच्या हद्दीत आहे."

खरं बोलून मला कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.

सरपंच म्हणाले, "अरे लाज वाटते का?" ते कशाबद्दल म्हणाले, दगड सरकवल्याबद्दल की आता परत दिल्याबद्दल, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही.

काकी गोठ्याकडून येत होती. तिच्या हाताला तेल लागलेलं होतं, म्हणजे म्हशीचं काम सुरू झालेलं. गावाला वाटलं आता ती विळा काढणार. मीही दोन पावलं मागे गेलो.

"दगडाचं मला माहीत हाय," काकी म्हणाली. "दर वर्साला वीतभर. पयल्या वर्साला मी मोजलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुज्या बापासारखा एकदम हातभर सरकवशील म्हणून वाट बघत होते." मग ती मॅडमकडे वळली. "कुठं सही करू, बाय?"

"आजी, तुम्हाला कळतंय ना? 'मालक' म्हणून सही करायची आहे. पुढे काही झालं तर जबाबदारी तुमची येईल."

"सगळ्या धरणाची?"

"सगळ्या धरणाची."

काकीने तेलाचा हात पदराला पुसला. "आण. म्हैस विते तिकडं. मला वेळ नाय."

तिने मालक म्हणून सही केली. काकी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर माझ्यापेक्षा बरं. सहीखाली तिने स्वतःहून एक ओळ लिहिली: 'झडप उघडा, लवकर.' मॅडमनी ती ओळ वाचली आणि झडपेवरच्या माणसांना हात केला. चौघांनी दांडा फिरवला. झडप आधी हलली नाही. मग अशी किंचाळली की काकीला गावात पहिल्यांदा जोडीदार मिळाला. पाणी सुटलं.

रेतीचा प्रश्न राहिला. माझ्या घरावर वरचा मजला चढवायचा होता आणि त्याच दिवशी दुपारी रेतीचा डंपर यायचा होता. तो वाणगावच्या रस्त्याला लागलाच होता. मी आडवा जाऊन तो बांधाच्या पायथ्याकडे वळवला. ड्रायव्हर बिहारचा. खाली उतरून त्याने धरण बघितलं, भोक बघितलं, मला बघितलं.

"सेठ, आपने तो बोला था घर पे डालना है।"

"यहीं डालो।"

"घर कहाँ है?"

"अभी तो नीचे है," मी म्हणालो.

त्याने एकदा बांधाकडे, एकदा खाली गावाकडे बघितलं आणि माझ्या आयुष्यात बघितलेल्या कुठल्याही ड्रायव्हरपेक्षा जलद डंपर रिकामा करून तो निघून गेला. कंपन्यांतून आलेल्या रिकाम्या गोण्या गावात घरोघरी असतात. धुऊन, भरून, रचून संध्याकाळपर्यंत रेती, रेतीवर खडी, खडीवर दगड. दिवे लागायच्या वेळेला मॅडमनी पुन्हा बाटली भरली. पाणी निवळशंख. गोठ्यातून काकी ओरडली. या वेळी सगळं गाव उठून धावलं. रेडकू झालं होतं.

माझा वरचा मजला तेव्हापासून धरणाच्या पायथ्याशी आहे. पाहुण्यांना मी तिथे नेऊन दाखवतो.

पाणी उतरलं आणि त्या वर्षी मिरच्यांचे निम्मे प्लॉट मोकळे राहिले. लोक काकीला 'मालकीणबाई' म्हणायला लागले, चांगल्या अर्थाने नाही. पाणवठ्यावर कोणी म्हणायचं, "मालकीणबाई, तुमच्या धरणात कपडे धुऊ का?" काकी म्हणायची, "धू. साबण माझ्याकडचा नाय मिळणार."

मग खात्यातून काकीच्या नावाने नोटीस आली. 'आपल्या मालकीचे मातीचे धरण धोकादायक स्थितीत असून आपण ते मुदतीत दुरुस्त करावे. अन्यथा लोकांच्या सुरक्षिततेसाठी खाते ते स्वतः दुरुस्त करील.' मी तिला ती वाचून दाखवली. ती मला 'अन्यथा'पाशी थांबवून म्हणाली, "हे पुन्हा वाच." मी पुन्हा वाचलं. तिने नोटीस घेतली, त्यात सुकट बांधली आणि फळीवर ठेवली. दुसरी नोटीस आली, तिच्यात हळद बांधली. तिसरी जाडसर कागदावर होती. ती तिने म्हशीच्या गोठ्यात खिडकीच्या फुटक्या काचेला लावली.

"काकी, काहीतरी उत्तर द्यायला हवं."

"कशाला? ते बोलतात ना, नाय केलं तर आमी करू. मी नाय करत."

इतक्या वर्षांत जे धरण दोन खात्यांना आपलं म्हणता आलं नव्हतं, ते एका म्हातारीने दुरुस्त केलं नाही म्हणून खात्याला करावं लागलं. उन्हाळ्यात यंत्रं आली. भोकाच्या जागी बांध उकरला तेव्हा आत खेकड्यांनी असं नगर वसवलेलं निघालं की त्यांची वेगळी ग्रामपंचायत करता आली असती. माती नव्याने भरून दाबली, पायथ्याला दगडांची नाली केली, धरणाच्या आतल्या अंगाला दगड बसवले. शेवटी बोर्ड लावला. निळ्यावर पांढरी अक्षरं. 'धरणाची मालकी' असं लिहून पुढची जागा रंगाऱ्याने रिकामी सोडली आहे, कारण त्याबद्दल जुन्या जिल्ह्याला पत्र गेलेलं आहे.

पुढच्या वैशाखात मी उतारावर जाऊन बघितलं. मधला पट्टा बाकीच्या एकोणचाळिसांसारखाच पापडासारखा वाळलेला. पोपट काय, नाकतोडा लपला नसता. मी दगड सहा वीत मागे सरकवून मूळ जागी ठेवला. कोणी बघितलं नाही. म्हणजे काकीने बघितलं असेल.

पावसाच्या तोंडावर मॅडम शेवटची पाहणी करायला आल्या. त्यांची बदली झाली होती. नाली बघितली, बाटली भरून बघितली, झडपेचा दांडा सरपंचांच्या फाटकावर परत गेलेला नाही याची खात्री केली. मग काकीच्या ओट्यावर चहा प्यायला बसल्या. मीही होतो. गोठ्याच्या खिडकीला लावलेल्या आपल्याच सहीच्या नोटिशीकडे बघत त्यांनी कप खाली ठेवला.

"आजी, एक विचारू? त्या दिवशी मी घाबरले होते. माती येतच होती. समजा सही केल्यावर धरण फुटलं असतं, तर मालक म्हणून सगळं तुमच्यावर आलं असतं. याचा विचार नाही केलात?"

काकीने बशीतला चहा फुंकला.

"फुटलं असतं तर मी दांडीच्या खाडीत सापडले असते," ती म्हणाली. "ती हद्द दुसऱ्या खात्याची हाय."